चित्रातले अंतर

आमच्या गावच्या देवस्थानाची नवी अग्रशाळा बांधून पुरी झाली, तेव्हा तिच्या समोरच्या भिंतीवर गावाचे एक मोठे चित्र असावे असा ठराव महाजनांच्या सभेत एकमताने संमत झाला. देवस्थानच्या सभेत एकमत होणे ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. चित्र कसे असावे हे ठरविण्यासाठी तिघांची एक समिती नेमली गेली आणि तीत आमचेही नाव घालण्यात आले. वकिलाला चित्रकलेतले काय कळते, असे कोणी विचारले नाही. ठरावाची भाषा नीट लिहिता येते एवढी पात्रता पुरेशी मानली गेली असावी.

चित्रकार बेळगावकडचे. त्या शहराला निसर्गचित्रणाची परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली तेथे कितीतरी विद्यार्थी तयार झाले. रवी परांजपे हे त्यांतलेच. आमचे चित्रकार वयाने पन्नाशीचे, बोलण्यात मिताक्षरी, आणि कामाच्या बाबतीत काहीसे हट्टी. पौष महिन्यात ते आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "दोन दिवस मला गाव नुसता पायांनी पाहू द्या, मग बसायची जागा ठरवू." आम्ही त्यांना म्हटले, "त्याची आवश्यकता नाही. जागा आम्ही पाहून ठेवली आहे." आणि त्यांना नगारखान्याच्या माडीवर घेऊन गेलो. हे आमचे वाक्य पुढे आम्हाला फार दिवस आठवत राहिले.

नगारखान्याच्या पूर्वेकडील खिडकीतून जे दिसते ते खरोखरच पाहण्यासारखे आहे. अगदी जवळ देवळाचा चौक, पांढरा चुना दिलेला दीपस्तंभ, तुळशीवृंदावन, आणि तळीच्या चिरेबंदी पायऱ्या. त्यापलीकडे महाजनांची चौसोपी घरे आणि त्यांची कुळागरे. पोफळींच्या शेंड्यांची एक गर्द, हलती किनार. कुळागर संपले की जमीन खाली उतरते आणि शेतांचा सखल पट्टा लागतो. त्या दिवसांत वायंगणाची लावणी नुकतीच झालेली असते; पाण्याचे आरसे आणि त्यांतून वर आलेली पोपटी रोपे. शेतांच्या पलीकडच्या काठाला माडांची ओळ, त्यामागे काजूच्या टेकड्या, त्यामागे आणखी उंच टेकड्या, आणि सर्वांच्या मागे सह्याद्रीची रांग. मोजून पाहिले तर डोळ्यापुढे सात पदर उभे राहतात, आणि प्रत्येक पदर आपल्या पुढच्यापेक्षा फिकट, थंड व निळसर होत जातो. चित्रकार सकाळी सूर्य डोंगरामागून वर येण्याच्या सुमारास बसत. त्या वेळी शेतांच्या सखलात धुके साचलेले असते. खालचा सारा पट्टा दुधाने भरल्यासारखा दिसतो आणि त्यावर माडांचे शेंडे तेवढे तरंगतात.

ते काम करीत असताना आम्ही बरेचदा शेजारी जाऊन बसत होतो. कोर्टाला सुट्टी होती हे एक कारण. पण खरे कारण हे की, सपाट कापडावर कोसभर खोली कशी निर्माण होते याचे आम्हाला कुतूहल होते. ते प्रथम आकाश रंगवीत, मग सर्वांत दूरचा डोंगर, आणि मग एकेक पदर पुढे येत. दूरच्या पदरात निळ्याबरोबर पांढरा भरपूर, कडा पुसट, तपशील शून्य. झाड नाही, दगड नाही, नुसती एक रेषा. जवळ येता येता निळा कमी होई, गेरू आणि पिवळी माती वाढे, सावल्या काळोख्या होत आणि कडा धारदार. शेवटी दीपस्तंभाच्या पायथ्याचा चिरा इतका स्पष्ट झाला की त्याची भोके मोजता यावीत. पदर कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, त्या सांध्यावर ते ओला कुंचला फिरवून थोडा राखी रंग पसरून देत. म्हणत, "ही हवा. गाव तर कोणीही काढील. दोन टेकड्यांच्या मध्ये हवा काढणे कठीण."

ही हवा काढण्याची विद्या तशी जुनी आहे. इटलीतील लिओनार्दो दा विंची याने (मृत्यू १५१९) आपल्या टिपणांत तिला नियमाचे रूप दिले. एखादी वस्तू पाचपट दूर दाखवावयाची असेल तर ती पाचपट निळी करा, अशा आशयाचा त्याचा उपदेश आहे. अकबराच्या चित्रशाळेतील कलावंतांनी पाश्चात्त्य छापील चित्रे पाहिली, आणि त्यांच्या चित्रांच्या वरच्या कोपऱ्यात दूरची निळसर नगरे उगवू लागली. आमच्या बाजूला कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटितीर्थाच्या काठी बसून हेच पाणी आणि हीच हवा रंगवीत राहिले. इंदूर आणि बडोदे येथील आमच्या वाचकांना ना. श्री. बेंद्रे यांची आठवण होईल; १९१० साली इंदुरात जन्मलेला हा कलावंत निसर्गचित्रांतूनच वर आला आणि १९५० पासून त्याने बडोद्यास विद्यार्थी घडविले.

नियमामागचे कारण मात्र चित्रकारांना पुष्कळ उशिरा कळले. लॉर्ड रॅले याने १८७१ मध्ये दाखविले की, हवेतील अतिसूक्ष्म कणांवर आदळून प्रकाश विखुरतो, आणि लाल किरणांपेक्षा निळे किरण कितीतरी अधिक विखुरतात. डोंगर आणि आपण यांच्यामध्ये जी हवा असते ती स्वतःच अशी निळसर उजळते, आणि तिचा पडदा डोंगराच्या काळ्या-हिरव्या रंगावर चढतो. पाण्याचे थेंब किंवा धूर असेल तर पडदा निळा न राहता पांढरट होतो. कारण ते कण मोठे असतात व सर्व रंगांना सारखेच विखुरतात. पुढे १९२४ मध्ये कोश्मीडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हिशेब मांडला, त्याचे सार असे की, उजेड आणि काळोख यांतील भेदापैकी ठरावीक हिस्सा प्रत्येक समान अंतरावर हवा खाऊन टाकते. पुढच्या अंतरावर उरलेल्यातून पुन्हा तेवढाच हिस्सा. आम्हा वकिलांना हे चक्रवाढ व्याजाच्या उलट्या खात्यासारखे वाटते. मुद्दल कधी पूर्ण शून्य होत नाही. परंतु एक वेळ अशी येते की ते वसूल करण्याजोगे राहत नाही, आणि डोळा त्या पदराला "दिसत नाही" म्हणून निकाली काढतो.

असो. माघात चित्र पुरे झाले, अग्रशाळेत लागले, आणि जत्रेला आलेल्या प्रत्येकाने त्याची वाखाणणी केली. मुंबईहून आलेल्या महाजनांनी त्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढली. लोक आपापली घरे शोधीत आणि सापडल्यावर लहान मुलांसारखे बोट दाखवीत. आमचेही घर चित्रात आहे; कुळागराच्या डाव्या अंगाला, कौलांवर सकाळचे ऊन पडलेले. खोटे कशाला बोलावे, आम्हीही बोट दाखविले.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, पालखी आत गेल्यावर, खालच्या वाड्यावरील एक वृद्ध सेवेकरी चित्रापुढे उभे असलेले आम्ही पाहिले. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पालखीपुढे दिवटी धरली आहे. हाताला अजून तेलाचा वास होता. बराच वेळ ते कापडावर डोळे फिरवीत होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारले, "वकीलबाब, आमचें घर खंय आसा?"

खालचा वाडा शेतांच्या पलीकडे, माडांच्या ओळीखाली आहे, वीस-बावीस घरे. नगारखान्यापासून अर्धा मैलही नाही. आम्ही चित्रात ती जागा शोधली. माडांचे शेंडे होते. त्यांच्याखाली धुक्याचा एक अतिशय सुंदर पट्टा होता, राखी-पांढरा, कडेला किंचित गुलाबी. साऱ्या चित्राची खोली ज्या एका पट्ट्यावर तोललेली आहे, तोच हा पट्टा. आम्ही म्हटले, "ते तेथेच आहे, सकाळच्या धुक्यात आहे." ते थोडे हसले. म्हणाले, "कागदांचेर आमी नात, आतां चित्रांतूय नात." आणि दिवटीचे फडके खांद्यावर टाकून निघून गेले.

'कागदांचेर नात' या शब्दांचा अर्थ गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितला पाहिजे. खालच्या वाड्याची घरे देवस्थानच्या जमिनीत आहेत. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला आमच्याकडे मुंडकार म्हणतात, आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून काढून टाकण्यापासून संरक्षण दिले आहे. परंतु कायद्याने दिलेले संरक्षण नोंदीवाचून लंगडे असते, आणि त्या वाड्यावरील काही घरांची नोंद अजून व्हावयाची आहे. अर्ज आहेत, हरकती आहेत, तारखा आहेत. आम्ही त्या प्रकरणात कोणाचेच वकीलपत्र घेतलेले नाही. तथापि महाजन म्हणून आमचे नाव एका पक्षाच्या यादीत आपोआपच आहे.

तेव्हा हा प्रश्न केवळ रंगांचा राहिला नाही. चित्र हे मामलेदारांपुढे पुरावा म्हणून जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. कोर्ट जागेची पाहणी करण्यासाठी कमिशनर पाठविते तेव्हा तो नकाशा काढतो, आणि नकाशात धुके नसते. दूरचे घर आणि जवळचे घर तेथे एकाच जाडीच्या रेषेने काढावे लागते. चित्राने मात्र निवड करावीच लागते. मग दूरचे धूसर करण्याचा जो अधिकार चित्रकाराला आहे, त्याच्या आडून आपण काही लपविले काय? आणि लपविले असेल तर ते कोणी?

आम्ही चित्रकारांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर सरळ होते. त्या चौदा सकाळी त्या खिडकीतून तो वाडा त्यांना एकदाही दिसला नाही. धुके उठेपर्यंत ऊन चढे आणि प्रकाश बदले, म्हणून ते उठत. जे दिसले ते त्यांनी काढले. जे दिसले नाही ते काढले असते तर ती लबाडी झाली असती. या उत्तरात आम्हाला एकही फट सापडत नाही. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच सांगावे, ऐकीव सांगू नये, हा पुराव्याच्या कायद्याचा पाया आहे. १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, तरी तो पाया हललेला नाही. आमचे चित्रकार त्या कसोटीला उत्तम साक्षीदार ठरतात.

पण साक्षीदाराला कोठे उभे केले होते, हा प्रश्न उलटतपासणीत पहिला विचारला जातो. आणि त्याला तेथे आम्ही उभे केले होते.

कराराच्या कायद्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या आहे. माहीत असलेली गोष्ट दडवून ठेवण्यासाठी प्रत्यक्ष काही करणे हे कपट होय. नुसते गप्प राहणे हे सामान्यतः कपट नव्हे, परंतु जेथे बोलणे हे कर्तव्य असते तेथे मौनही कपट ठरते. विद्यार्थिदशेत हे कलम आम्ही व्यापाऱ्यांना आणि घोड्यांच्या खरेदी-विक्रीला लावून पाठ केले होते. आता ते आम्ही स्वतःला लावून पाहतो. नगारखान्याची खिडकी निवडताना खालचा वाडा झाकला जावा असा हेतू आमच्या मनात होता काय? शपथेवर सांगतो, नव्हता. तो वाडा आमच्या मनातच नव्हता. गावाचे चित्र म्हणताना जी घरे आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली त्यांत ती वीस-बावीस घरे नव्हती. हेतू नव्हता हे फौजदारी कोर्टात बचावाचे वाक्य आहे. अग्रशाळेत त्या वृद्ध गृहस्थांसमोर ते उच्चारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. कारण हेतुपुरस्सर झाकणाऱ्याला निदान झाकावयाचे काय हे ठाऊक असते. आमच्याकडून ते घडले ते इतक्या सहजपणे, की धुक्यालाही काही करावे लागले नसते.

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण फसवणुकीच्या अर्थाने वापरतो: जवळ जा म्हणजे काटे आणि दगड कळतील. पण दूर असणे हा डोंगराचा गुण नव्हे. तो पाहणाऱ्याच्या पायांचा गुण आहे. डोंगरापाशी राहणाऱ्याला डोंगर कधीच निळा दिसत नाही, आपले देऊळ मात्र दिसू शकते.

आमच्या देवळाच्या जुन्या भिंतीवर कावीचे काम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरून काढलेली लाल-पांढरी चित्रे. कोकणपट्टीत व कारवारकडे जुन्या देवळांत ती पाहावयास मिळतात. त्यांत अंतर नाही. देव, मोर, वेल, द्वारपाल सारे एकाच पृष्ठावर, एकाच लाल रंगात. लहानपणी आम्हाला ते अडाणीपणाचे वाटे. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्रात अंगे कोणत्या बाजूने पाहिली असता किती आखडतात याचा, क्षयवृद्धीचा, बारकाईने विचार आहे. वर्तनेचे म्हणजे छायेचे प्रकार आहेत. म्हणजे आपल्या शास्त्रकारांना उठाव ठाऊक नव्हता असे नव्हे. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत, रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. त्यांत सादृश्याला स्वतंत्र स्थान आहे. पण एका माणसाच्या एका जागी खिळलेल्या डोळ्याला साऱ्या देखाव्याचा धनी करण्याची कल्पना त्या परंपरेने स्वीकारलेली दिसत नाही. चीनमध्ये अकराव्या शतकात कुओ शी नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. त्याचे १०७२ सालचे वसंतारंभाचे चित्र प्रसिद्ध आहे. त्याने पर्वतचित्राला तीन प्रकारची अंतरे सांगितली: पायथ्यापासून वर पाहताना दिसणारे उंच अंतर, समोरून मागच्या पर्वतांत शिरणारे खोल अंतर, आणि जवळच्या डोंगरावरून पलीकडे पाहताना पसरणारे सपाट अंतर. एकाच चित्रात तिन्ही येऊ शकतात. म्हणजे तेथे पाहणारा चालत असतो, आणि धुके त्याच्या एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची वाट असते.

समितीतील आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हा सारा विचार अनाठायी वाटतो, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, चित्र म्हणजे शिरगणती नव्हे. प्रत्येक घर दाखवावयाचे ठरविले तर चित्राचा बाजार होईल. काही तरी मागे सरल्यावाचून दुसरे पुढे येत नाही. धुके नसते तर ते चित्र तुम्हालाच आवडले नसते. हे सर्व खरे आहे. धुक्याच्या त्या पट्ट्यापुढे आम्ही स्वतः कितीदा तरी थांबलो आहोत. आणि वृद्ध सेवेकऱ्यांचे बोलणे ऐकल्यानंतरही तो पट्टा कमी सुंदर दिसू लागला असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोयीचे असते, पण खरे नसते. सौंदर्य अपराधाची चाहूल लागताच विटून जाते, ही समजूत भाबडी आहे.

मात्र त्याच सहकाऱ्यांनी तोडगा सुचविला तो आम्हाला रुचला नाही. त्यांचे म्हणणे, चित्रकारांना बोलावून धुक्यात चार-पाच कौलारू छपरे काढवून घ्यावीत, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही. चित्रकारांनी नकार दिला. निळसर पदरात लाल छप्पर ठेवले की ते उडी मारून पुढे येते; अर्धा मैल मागे असलेले घर तळीच्या काठावर आल्यासारखे दिसते; साऱ्या देखाव्यावर तिकीट चिकटवल्यासारखे होईल, असे त्यांनी लिहिले. कलेच्या दृष्टीने ते बरोबर असेल. आम्हाला आणखी एक अडचण दिसली. पुसट केलेल्या घरांवर मागाहून चार ठिपके काढणे ही दानपेटीत टाकलेली चिल्लर आहे. ती घरे त्या खिडकीतून पाहणाऱ्यासाठीच लहान आहेत, आणि खिडकी तीच ठेवून त्यांना मोठे करता येत नाही.

गीतेच्या पाचव्या अध्यायातील समदर्शनाचा उपदेश आपल्या देवळांतून वर्षानुवर्षे सांगितला जातो. विद्येने नम्र झालेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपच यांच्या ठिकाणी ज्ञानी पुरुष समदृष्टीने पाहतो. आम्ही तो पुष्कळ ऐकला. पण डोळ्यांच्या हाडामांसाची अडचण कोणी कीर्तनकाराने आम्हाला सांगितली नाही. जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसणे हा डोळ्याचा धर्म आहे. तो उपदेशाने बदलत नाही. आपल्या मुलाचा ताप आपल्याला शेजाऱ्याच्या मुलाच्या तापापेक्षा अधिक जाचतो आणि शेजाऱ्याच्या मुलाचा परगावच्या मुलाच्या तापापेक्षा; कोश्मीडरचा हिशेब येथेही लागू पडतो. याबद्दल माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. मग समदर्शन कोणत्या मार्गाने साधावयाचे? आम्हाला एकच मार्ग दिसतो, आणि तो आमच्या ग्रामदेवतेला आमच्याआधी ठाऊक होता. गर्भगृहात बसून सारा गाव सारखा दिसत नाही, म्हणून तर पालखी निघते. वर्षातून ठरल्या दिवशी देव महाजनांच्या दारांवरून, कुळागराच्या पाणंदीने, शेताच्या मेरेवरून खालच्या वाड्यावर जातो, तेथे मांडावर टेकतो, ओटी-नारळ घेतो, आणि परत येतो. आम्ही पालखीबरोबर लहानपणापासून त्या वाड्यावर गेलो आहोत. पण आता आठवू लागलो तर कळते की, तेथे उभे असताना आम्ही पालखीकडे पाहत होतो. तेथून देऊळ कसे दिसते हे वळून कधी पाहिले नव्हते.

चैत्रात चित्रकार आपल्या कामाने फोंड्याकडे आले होते, तेव्हा आम्ही त्यांना गावी आणले. या वेळी त्यांना जागा दाखविली नाही. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि ते मेरेवरून चालू लागले, आम्ही मागोमाग. वृद्ध सेवेकरी आम्हाला वाड्याच्या तोंडाशी भेटले. दुपार टळली होती. तेथून पश्चिमेकडे पाहिले तेव्हा अगदी जवळ एक विहीर, तिच्या काठावर वाळत घातलेले लुगडे, शेणाने सारवलेले खळे आणि भाजलेल्या काजूंच्या टरफलांची रास होती. मग कापणी झालेली कोरडी शेते. त्यापलीकडे आमची कुळागरे, एक काळसर पट्टी. आणि त्या पट्टीच्या वर, उतरत्या सूर्याच्या उजेडात विरघळत चाललेले, फिकट निळे असे काहीतरी होते. ते देवळाचे शिखर आहे हे ओळखावयास आम्हाला क्षणभर लागला. नगारखाना दिसलाच नाही. आमचे घर कुळागराच्या पट्टीत कोठेतरी असावे.

चित्रकार बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून लहान वही काढली.

दुसरे चित्र त्याच मापाचे करावे आणि ते अग्रशाळेत पहिल्याच्या समोरच्या भिंतीवर लावावे, असा ठराव आम्ही लिहून ठेवला आहे. त्याला विरोध होईल. खर्चाचा मुद्दा निघेल, आणि मुंडकारांचे प्रकरण चालू असताना देवस्थानानेच त्यांच्या घरांचे चित्र आपल्या भिंतीवर लावणे कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे काय, हाही मुद्दा निघेल. तो काढणारे आमच्याकडे वकील या नात्याने अभिप्रायासाठी पाहतील. आम्ही काय अभिप्राय देणार हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तो कोणत्या बाजूला जड पडेल हेही.

परंतु त्या दिवशी वाड्यावर एक गोष्ट घडली ती सांगितल्यावाचून हे लिखाण पुरे करवत नाही. चित्रकारांनी वही काढताच माणसे जमली. बसण्याची जागा कोणती धरावी यावर बोलणे सुरू झाले. विहिरीपाशी बसले तर वृद्ध सेवेकऱ्यांचे घर अगदी पुढे येत होते आणि त्यामागची तीन घरे पूर्णपणे झाकली जात होती. त्या तीन घरांपैकी एकातील बाई पुढे होऊन म्हणाल्या, फणसाच्या मुळाशी बसा. फणसाच्या मुळाशी बसले तर विहीर जात होती, आणि विहीर गेलेली कोणालाच चालणार नव्हती. वृद्ध सेवेकरी आधी गप्प होते. मग त्यांनी आपल्या घराकडे पाहिले, मागच्या घरांकडे पाहिले, आणि चित्रकारांना जरा चढावर, खळ्याच्या वरच्या कडेला नेऊन उभे केले. तेथून त्यांच्या घराचा फक्त एक कोपरा आणि न्हाणीची भिंत दिसत होती. त्या बाईंचे घर पूर्ण दिसत होते. चित्रकार म्हणाले, येथे दुपारनंतर माडांची सावली कशी पडते ते पाहावे लागेल. पाऊस संपला की येतो.

सभेची सूचना निघाली आहे. आमचा ठराव विषयपत्रिकेवर चौथा आहे, दीपस्तंभाच्या रंगकामानंतर.